सून माहेरी गेली

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर माझ्याशेजारी दोघी विहिणी बसल्या होत्या. आत असलेल्या मुलीची आई तिच्या गावाहून नुकतीच आली होती.

“रडू नका, धोंडाबाई. पोर वाचली ना माझी?”

“ती वाचली. बाळ गेलं, विहीणबाई. माझ्यापायी गेलं.”

“असं काय बोलता?”

“आमच्या गावची नर्सबाई तीनदा दारात आली. पोटुशीला तपासू द्या म्हणाली. मला वाटलं, ही नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायला आली. आणीबाणीत माझ्या दिराला असंच गाडीत घालून नेलं होतं. मी सांगितलं, सून माहेरी गेली.”

“माझ्याकडं? ती तर दिवाळीपासून आली नाय.”

“आतल्या खोलीत कोंडली होती मी. पाय सुजले होते तिचे, डोकं लय दुखायचं. काल सकाळी झटके यायला लागले, तवा मीच पळत गेले नर्सबाईकडं. लगोलग उठली ती. सुई दिली, जीप आणली, वाटभर पोरीला धरून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

तेवढ्यात त्याच नर्सबाई वॉर्डातून बाहेर आल्या.

“चला, शुद्धीवर आली.”

“बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले ते तिला सांगू नका.”

“तीच मला म्हणाली, ‘सासूबाई खोटं बोलल्या ते मी दाराआडून ऐकत होते.’ आता बाळ कुठंय म्हणून विचारतेय.”

“विहीणबाई, तुम्ही जा. मी नाय येत.”

“उठा, धोंडाबाई. बाळाचं तिला तुम्हीच सांगा.”