निघताना कुठे म्हणू नये

—नाही हो मॅडम, सगळं इंग्रजी शिकून मी काय करू? मला एकच प्रश्न शिकवा. इथेच, व्हरांड्यात, तुमच्या क्लासची मुलं आत लिहितायत तोवर. खुर्ची नको, मी पायरीवर बसते. मी इंदुमती, पाण्याच्या टाकीमागे राहते — हो, नीळकंठरावांची मिसेस, कारखान्यातून रिटायर झाले ते. दचकलात का? बरं, असू दे. ‘तुम्ही कुठे चाललात’ हे इंग्रजीत कसं विचारायचं, तेवढं सांगा.

थोडं येतं मला, हायर सेकंडरी झालेय उज्जैनला. यू आर गोइंग व्हेअर? — चुकलं ना? वाटलंच. काय म्हणालात, व्हेअर आधी? मग आर? आणि यू त्याच्याही मागे? अगंबाई! म्हणजे सांगायचं असलं की यू पुढे, आर मागे — आणि विचारायचं असलं की आर उठून पुढे जाणार, यू मागे. आमच्या सासूबाई मला नवऱ्याच्या पुढे पाऊल टाकू द्यायच्या नाहीत, आणि इथे नुसतं विचारायचं म्हटलं तरी यूसाहेब मागे! आवडलं मला. व्हेअर आर यू गोइंग. व्हेअर आर यू — थांबा, जरा घोकते.

मराठीत का नाही विचारत? अहो, तुम्ही मराठीच ना? निघालेल्या माणसाला कुठे म्हणत नाहीत, काम होत नाही त्याचं. नवी नवरी होते, भाबडेपणानं विचारलं यांना, कुठे निघालात — तर गेटपाशीच स्कूटर पंक्चर! सासूबाईंनी यांना परत बोलावलं, बसवलं, घोटभर पाणी पाजलं, मग सोडलं — आणि मला म्हणाल्या, पुन्हा जिभेवर कुठे आणशील तर बघ. तेव्हापासून नाही आणला तो शब्द. फार तर म्हणते, लांब का? हे म्हणतात, येतो. झालं. पण इंग्रजीत विचारलं तर कुठे म्हटल्यासारखं होत नाही ना? व्हेअर म्हणजे व्हेअर. त्याला कसला अपशकुन! मीच काढली ही युक्ती, पोळ्या लाटता लाटता.

आल्यावर विचारायचं? विचारते ना. ‘इथेच’ म्हणतात आणि टीव्ही लावतात. चपला घालतानाच धरायला हवं. रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, खिशाला पेन — रिटायर माणसाला पेन कशाला? शेजारची मिश्राइन परवा म्हणते कशी, भाईसाहब तो आजकल बड़े सजधज के निकलते हैं! आणि हसली. बाई? छे हो. स्वतःचा चष्मा सापडत नाही त्यांना, बाई कुठली सापडतेय! ते नाही भीती. आमचे थोरले दीर — तेही असेच रोज ‘इथेच’ म्हणून जायचे. दवाखान्यात जात होते. कुणाला त्रास नको म्हणून बोलले नाहीत, आम्हाला कळलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. हेही त्यांचेच भाऊ ना. तसेच, घुमे. — नाही, रडत नाहीये. उदबत्ती लावलीय ना तुम्ही, धूर जातो डोळ्यांत.

आणि सारखं आत काय बघताय? लिहितायत ना मुलं? हं, म्हणायलाच लागली की — अय्या, माझंच वाक्य! व्हेअर आर यू गोइंग. कसं छान म्हणतात सगळी एका सुरात. नाही, एक मागे राहिलाय. सगळे थांबले तरी याचं चाललंय. आवाज केवढा घोगरा — एवढा मोठा मुलगा आहे तुमच्याकडे? आणि खाकरतोय कसा...

हे खाकरणं मी ओळखते, मॅडम.

चपला मागच्या दारी काढतात होय? तरीच. — नातीसाठी? शमिकासाठी? हो, मेलबर्नला असते, फोनवर चुरूचुरू इंग्रजीत विचारत राहते. आजोबा, आजी कुठाय? हे म्हणतात, यस, यस. आजोबा, जेवलात का? यस, यस. ती हसून लोळते आणि हे फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत जातात. मला वाटायचं, कंटाळले. — कुणाला सांगू नका म्हणाले? मलासुद्धा? मलाच?

नको, हाक मारू नका, लाजतील. शिकू दे. यू मागे टाकायला वेळच लागेल त्यांना, सासूबाईंचे लाडके होते. आज ‘इथेच’ म्हणाले ना, तर बरं म्हणेन नुसतं. शिरा करीन. तुम्ही मला पाहिलंच नाही, काय? चला, हे बाहेर यायच्या आत निघते मी —

कुठे? अहो मॅडम! म्हणालात ना कुठे? आता मला परत बसायला हवं. आणा घोटभर पाणी. सावकाश आणा. आणि बोलू नका जरा — पुन्हा त्यांचीच पाळी आलीय.