वॉन्टेड म्हणजे पाहिजे

रखमा : डब्ल्यू, ए, एन, टी. पुढे ई, डी. लावलं मी, एकटीने. अडखळले पण नाही.

जगदीश : शाब्बास, रखमाक्का. वॉन्टेड. अर्थ सांग.

रखमा : पाहिजे. तूच दाखवलास ना परवा पेपरात. टायपिस्ट पाहिजे, शिंपी पाहिजे, कंपॉझिटर पाहिजे. अर्ध्या मुंबईला माणसं पाहिजेत आणि आमचा लवू रे रोडच्या वखारीत लाकडं उचलतोय. सख्खा भाऊ माझा, पण ऐकेल तर शपथ. म्हटलं तू पण बस शिकायला, तर म्हणतो ए बी सी डीचा वास पण नको.

जगदीश : तो कंपॉझिटर, पण त्याचे छापायचे खिळे मराठी. त्याला कशाला इंग्रजी?

रखमा : बरं, एक विचारायचं राहिलं. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं ओरडता ना तुम्ही पोरं? लवू भिंतीभिंतीवर रंगवतो. ते पण वॉन्टेडच काय?

जगदीश : नाय नाय. ते मस्ट. एम, यू, एस, टी. झाल्याशिवाय सोडणार नाय, असं.

रखमा : आपल्यात एकच पाहिजे, त्यांच्यात दोन?

जगदीश : त्यांच्यात सगळंच जास्त. आणि भिंतींचं मोठ्याने बोलू नकोस, आक्का.

रखमा : का रे? सगळी चाळ जाणते. आता ऐक, गोड बातमी आहे. लवूच्या नोकरीचं झालं! दुपारी माणूस येऊन गेला.

जगदीश : कसला माणूस?

रखमा : छापखान्याचा. तू अर्ज लिहून दिलास ना लवूचा, इंग्रजीत? त्याचाच. हातात टाइप केलेला कागद. तो वाकून नाव शोधतोय, मी उंबऱ्यात उभी. उलट्या बाजूने वाचलं मी! वर वॉन्टेड, खाली लवू कोंडीराम. म्हटलं, साहेब, वॉन्टेड ना? तो बघतच राहिला. म्हणे, बाई, इंग्रजी वाचता? म्हटलं, मिलमध्ये वायंडिंग खात्यात आहे मी, पण आमचा जगदीश मास्तर शिकवतो.

जगदीश : थांब. कागदावर छापखान्याचं नाव होतं?

रखमा : नव्हतं बुवा. नुसती माणसांची नावं. लवूच्या वर त्याचा दोस्त दौलत. दौलतने पण अर्ज केलेला काय? त्याच्या नावावर लाल रेघ मारलीय.

जगदीश : बूट कसले होते त्याचे?

रखमा : बूट? असा काय विचारतोस? जाडजूड. साधा शर्ट, साधी पँट, पण बूट एकदम चकचकीत.

जगदीश : तो छापखान्याचा नाय, आक्का.

रखमा : मग कुठला?

जगदीश : वॉन्टेडचा आणखी एक अर्थ आहे. पोलिसांना पाहिजे असलेला माणूस. तो पण वॉन्टेड.

रखमा : चल, काहीतरी सांगू नकोस. एकाच शब्दात नोकरी पण आणि बेडी पण?

जगदीश : हो.

रखमा : आमच्या लवूने काय चोरी केली?

जगदीश : भिंती रंगवल्या. आणि गोळीबार झाला त्या दिवशी भोईवाड्याच्या नाक्यावर एक पोरगा पडलेला, त्याला खांद्यावर टाकून नेला. तेव्हा कुणीतरी नाव सांगितलं. वखारीत तो कामाला नाय. लपलाय. तुला सांगायचं नाय म्हणून शपथ घातली होती मला.

रखमा : मेल्या, मला नाही सांगायचं? मी काय परकी?

जगदीश : दौलतला नेला त्याला आठ दिवस झाले. त्याची आई चार तुरुंगांच्या दारात जाऊन आली. एक पण कबूल होत नाय की आमच्याकडे आहे म्हणून. तू काय काय बोललीस त्या माणसाला? सगळं सांग.

रखमा : फोटो मागितला त्याने. म्हटलं, आमच्यात कुणी फोटो काढलाय? मग म्हणे, भेटेल कधी?

जगदीश : आणि?

रखमा : कर्फ्यूच्या आत, साडेपाचला येतो जेवायला, म्हटलं. आज बोंबील केलेत, नक्की येईल म्हटलं.

जगदीश : आक्का, पाच वाजून गेले.

रखमा : तो हसला रे. म्हणाला, मग आम्ही पण येतो साडेपाचला.

जगदीश : गॅलरीत जाऊ नकोस! मघाशी येताना नळापाशी दोघं उभे होते. मला वाटलं, कुणाचे पाव्हणे. मी मागच्या जिन्याने सटकतो. पुलावर गाठतो त्याला.

रखमा : आणि दुसऱ्या वाटेने आला तर?

जगदीश : तू रोजच्यासारखी बस. आक्का, चूक माझी. मी एकच अर्थ शिकवला.

रखमा : रडतोस काय? पळ!

(जगदीशला जाऊन वीस मिनिटं झालीत. दुपारचा माणूस आत ट्रंकेवर बसलाय. दार सताड उघडं.)

साहेब : चहा नको, बाई. आणि दार राहू दे तसंच.

रखमा : खाली नळावर तुमचीच माणसं काय, साहेब?

साहेब : आमचीच. जिन्यात पण एक आहे. वर येणाऱ्याला अडवणार नाहीत. उतरणाऱ्याला विचारतील. कुणीतरी आलं वाटतं.

रखमा : या, या, जगदीश मास्तर! किती वाट बघायची? शिकवणीची वेळ टळली. हे साहेब बसलेत, लवूला भेटायचंय त्यांना. आमचा लवू काही आला नाही अजून.

लवू : हो. उशीर झाला... बाई.

साहेब : चपला बरोब्बर कोपऱ्यात काढल्यात, मास्तर. घरच्यासारख्या.

लवू : रोजचं येणं.

साहेब : बाई फार कौतुक करत होत्या तुमचं. हा कागद घ्या. पहिली ओळ वाचा बघू.

रखमा : मास्तर कशाला वाचतील, साहेब? शिकते मी. मीच वाचते, चुकलं तर मास्तर कान धरतील. द्या इकडे. डब्ल्यू, ए, एन, टी, ई, डी. वॉन्टेड. आणि खाली आमच्या लवूचं नाव.

साहेब : वॉन्टेड म्हणजे?

रखमा : पाहिजे.

साहेब : कुणाला पाहिजे?

रखमा : छापखान्याला. नोकरीचा कागद ना हा?

साहेब : काय मास्तर, बरोबर सांगतात?

लवू : बरोबर.

साहेब : दुसरा अर्थ होत नाही?

लवू : होतो. तो शिकवला नाही अजून.

साहेब : हं. हाताला कसला एवढा घाम, मास्तर?

लवू : चालत आलो. लांबून.

साहेब : सातला कर्फ्यू लागतो. आज राहू दे शिकवणी, घरी जा. ए शिंदे! मास्तर उतरतायत, जाऊ दे त्यांना.

लवू : येतो मी.

रखमा : या. उद्या येऊ नका, मास्तर. परवा पण नको. मीच निरोप धाडीन.

लवू : तुम्ही जेवून घ्या, बाई.

रखमा : लवू आला की जेवेन.

साहेब : तुमचा भाऊ नेहमीच असा उशीर करतो?

रखमा : बसा, साहेब. येईलच एवढ्यात.