गिऱ्हाईक

बसच्या रांगेत माझ्यापुढे फरशी बसवणारा एक मिस्त्री आणि त्याची बायको उभी होती. दोघंही लग्नाला निघाल्यासारखी नटलेली.

“गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो ना आपण? मग खाली बसून फरशी कशाला ठोकून बघितलीत?”

“हाताची सवय गं. पोकळ वाजते का ते बघितलं.”

“घर दाखवणाऱ्या बाईनं तिथंच ओळखलं. मुकादमाला कळलं तर उद्यापासून घरी बसाल.”

“हट्ट तुझाच होता.”

“चौदा महिने तिथं फरशी बसवताय, नि मी ऐकतेय, उच्चभ्रू वस्ती, उच्चभ्रू वस्ती. म्हटलं, असतं तरी काय ते बघावं.”

“मग, काय असतं?”

“शेजारी कोण खोकतंय ते कळत नाही. मला नाही बाई जमायचं.”

“फरशी कशी वाटली?”

“पाय ठेवायला जीव होईना. पण विषय बदलू नका. निघताना त्या बाईनं बाजूला घेऊन काय सांगितलं?”

“मुकादमाला नाही सांगणार म्हणाली.”

“एवढंच?”

“तिच्या मोरीतली फरशी उखडलीय. रविवारी येऊन बसवाल का, विचारत होती.”

“आता त्या श्रीमंतांच्या मोऱ्याही का? राहते कुठे ती?”

“आपल्या मागच्याच गल्लीत.”