नेवरसड्याची बेडकी

मंडळी, पेटी जरा थांबवा, टाळ मांडीवर ठेवा. देवाचं नाव घेऊन झालं, आता देवाच्या बेडकाचं घेऊ. — हसलात? हसा! बेडूकही त्याच हातानं घडलाय. फक्त तुमच्या-माझ्यावर वेळ जास्त गेला, आणि उपयोग तेवढा झाला नाही!

तर आजचा प्रश्न असा. हा आपला आणि तो परका, हे ओळखायचं कशावरून? तोंडावरून? गावावरून? उत्तराची घाई नको. आधी ऐका.

करंजसडा आणि नेवरसडा. दोन डोंगर, दोन्हींच्या माथ्यावर कातळाचं पठार, पठारावर एकेक गाव, आणि मधे खोल दरी. नकाशात शोधू नका, माझ्या आख्यानातली गावं आहेत. करंजसड्याला बाबाजी गुरव देवळाची पूजा करायचे. तिथली रीत अशी, की श्रावणात देवळासमोर बेडकांचं लग्न लावायचं. अंतरपाट, अक्षता, मुंडावळ्या — मुंडावळ्या बेडकाला टिकत नाहीत, पण हौस! मग ती जोडी आवारातल्या पाण्याच्या दगडी डोणीत सोडायची, वर बांबूची पाटी झाकायची आणि आठ दिवस वाट बघायची. बेडकीनं अंडी घातली, की गावाचं वर्ष चांगलं जाणार.

पाच वर्षांपूर्वी दरीवर पूल झाला. पुलावरून पहिली वरात आली ती बाबाजींच्याच घरी. मुलगा दत्ताराम, सून नेवरसड्याची वेणू. गाव खूश! कुणीतरी म्हणालं, माणसांची सोयरीक झाली, मग बेडकांची का नको? तेव्हापासून नवरा करंजसड्याच्या तळ्यातला आणि नवरी पल्याडच्या तळ्यातली. बाबाजी स्वतः जाऊन निवडून आणायचे. दोघंही तपकिरी अंगाची, दोघांच्या पाठीवर पिवळी रेघ. पत्रिका बघायचं कारणच नव्हतं!

पहिल्या वर्षी अंडी नाहीत. दुसऱ्या वर्षी नाहीत. पाच वर्षं डोण रिकामी. आणि त्याच पाच वर्षांत वेणूचाही पाळणा हलला नाही. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? काही नाही! पण गावाच्या जिभेला कसला पुरावा लागतो? पल्याडच्या बायकांची कूसच अशी, असं विहिरीवर बोललं जाऊ लागलं. वेणू घागर घेऊन आली की बायका गप्प व्हायच्या. ते गप्प होणं तिला बरोबर ऐकू जायचं.

सासू भागीरथीबाई. वाईट नव्हत्या हो! नातवाची ओढ होती आणि लोकांची भीती होती. त्यांनी यंदा सांगून टाकलं, की आठव्या दिवसापर्यंत बेडकीनं अंडी घातली नाहीत तर वेणूला माहेरी पोचवायचं आणि दत्तारामला दुसरी बघायची. एका बाईचा संसार बेडकीच्या अंड्यावर टांगला, मंडळी! दत्ताराम काय म्हणाला? काही नाही. आईपुढे बोलू शकणाऱ्या मुलांनी हात वर करा बघू. — राहू द्या, आया शेजारीच बसल्यात.

वेणू रोज सकाळी डोणीतलं पाणी बदलायची. पाटी उचलायची, वाकून बघायची, पुन्हा झाकायची आणि चुलीपाशी जायची. मला त्या पोरीचं फार वाईट वाटतं.

त्या दिवसांत केळुसकर बाई म्हणून एक अभ्यासक देवळाच्या ओसरीवर उतरल्या होत्या. कानाला यंत्र लावून बेडकांचे आवाज टिपायच्या. सातव्या दिवशी दिवेलागणीला त्या डोणीपाशी बसल्या, वेणूनं पाटी उचलून धरली. नवरदेव जीव तोडून हाका मारतोय — टिक, टिक, टिक! आणि नवरी? भिंतीकडे तोंड करून बसलेली. बाईंनी विचारलं, ही कुठली? बाबाजींनी सांगितलं. मग त्यांनी यंत्रातून नेवरसड्याच्या तळ्यावर टिपलेला नराचा आवाज लावला. जाड, सावकाश — घर्रर्र... घर्रर्र. बेडकीनं तोंड फिरवलं आणि दोन उड्यांत त्या आवाजाखाली येऊन बसली.

वेणूच्या हातातली पाटी तशीच राहिली.

बाईंनी मग सगळं समजावलं. फार फार वर्षांपूर्वी दोन्ही डोंगर एकच होते, बेडूकही एकच होते. नदीनं डोंगर चिरला, दरी झाली, बेडकांना ती ओलांडता येईना. करंजसड्याच्या बाजूला धबधबा. त्याच्या घोषात जाड आवाज बुडतो, बारीक तेवढा ऐकू येतो. म्हणून बारीक आवाजाच्या नराला मादी सापडायची, पिल्लं त्याचीच व्हायची. पल्याड कारवीचं दाट रान, तिथं जाड आवाजच लांब पोचतो. जसे आवाज बदलले तसे माद्यांचे कानही बदलले. कुणी ठरवलं नाही, कुणी शिकवलं नाही. लाखो वर्षं, पिढीमागून पिढी, केसभर केसभर! शेवटी रूप राहिलं सारखं आणि प्रजाती झाल्या दोन. बेडकी वांझ नाही, बाबाजी. तिच्या लेखी तो नवराच नव्हे.

बाबाजी त्याच रात्री पूल ओलांडून गेले आणि नेवरसड्याच्या तळ्यातला नर आणून डोणीत सोडला. आठव्या दिवशी सकाळी डोणीत अंडीच अंडी!

संपलं आख्यान? छे! माणूस इतक्यात शहाणा होतो होय? भागीरथीबाई डोणीत बघून म्हणाल्या, "म्हणजे पल्याडचं रक्तच वेगळं. मी तेच सांगत होते." आणि वेणूची पिशवी त्यांनी उंबऱ्यावर आणून ठेवली.

जन्मात बायकोपुढे न बोललेले बाबाजी तेव्हा बोलले. "अगं, ती बेडकी त्याच्या हाकेला एकदाही वळली नाही. आणि ही? दत्ताराम बांधावरून हाक मारतो, आणि इथं ही अशी वळते, की हातातलं पीठ सांडतं. वेगळी कशी ती? बेडकांना ओळखायला मी चुकलो. माणसाला ओळखायला चुकणार नाही."

दत्ताराम उठला. त्यानं पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

पुढं वेणूला मूल झालं का? बघा, तुमच्या ओठांवर तेच आलं! विहिरीवरच्या बायका आणि तुम्ही, फरक काय राहिला? ती घरात राहिली, मानानं राहिली. माझं आख्यान तिथंच पुरं झालं.

आता मंडळी, प्रश्नाकडे या. बेडकांना वेगळं व्हायला नदी लागली, दरी लागली, लाखो वर्षं लागली. आपण सगळे अजून एकाच प्रजातीचे, आणि आपल्याला वेगळं व्हायला एक उंबरा पुरतो, एक पाण्याची घागर पुरते! खऱ्या दोन जीवांना आपण एक म्हणालो, आणि एकाच जीवाचे दोन करत बसलो.

उद्या विहिरीवर कुणी घागर घेऊन आली, तर गप्प होऊ नका. जरा सरका, तिला जागा द्या. आता उचला टाळ.