ओला बांध

...न्हाई, पन मी म्हनतो, 'पाण्याला जाऊ दे' असं सांगायचं तरी कुनाला? आमाला? राळेगणच्या शिवेला शीव लागलेल्या मानसाला? आमी पाळन्यातच ऐकलं, पाणी अडवा, पाणी जिरवा... त्यात माझा धंदा काय, तर झेडपीच्या शाळांच्या भिंतीवर नकाशे रंगवायचे, माझ्या हातून जिल्ह्याची हद्द कधी एक सूत हलली न्हाई, आन पारनेरात वॉटरकलरचा क्लास घेनाऱ्या मुबश्शिरा म्याडम माझं चित्र बघून म्हनत्यात, "गोरक्ष, हे चित्र आहे की सातबारा? हात सैल सोड. कागद आधी भिजव, मग रंग लाव, आणि पाण्याला जाऊ दे."

बरं. सोडला हात. आमचं आन अजिनाथतात्याचं, म्हंजे सख्ख्या चुलत्याचं, रान काढलं. तात्याची ज्वारी हिरवी, आमचं नांगरलेलं तपकिरी, मधी बांध, बांधावर तात्या उभे, निळ्या बंडीचा एक ठिपका. हिरवा लागला सरकायला आमच्या रानात... मी काय अडवला न्हाई. पाण्याला जाऊ दे.

सकाळी बघतो तर खरा बांध दोन हात आमच्या बाजूला. कोरलेला न्हाई, उकरलेला न्हाई, त्याच्यावरची बोर मुळासकट सरकलेली, आन बोरीखाली झोपलेलं कुत्रंबी सरकलेलं, झोपेतच. आई एवढंच म्हनली, "तुझ्या बापानं ह्या बांधापायी सोळा वर्सं कोर्ट केलं. तू काय केलंस?" काय सांगू? चित्र काढलं?

मग कागद परत भिजवला आन टिश्यू पेपरानं हिरवा टिपून घेतला. बांध आला की जागेवर. पर दुपारी तात्याची बायको, बनुकाकी, दारात. "गोरक्षा, तुझ्या तात्याला बघितलंस का रं? आत्ता बांधावर हुते... मंग जरा पातळ दिसाय लागले..."

माझ्या मुठीत टिश्यू. टिश्यूवर निळा डाग. आता तुमीच सांगा, म्हनायचं काय? काकी, हे घ्या तात्या?

म्याडमला फोन लावला. "त्यात काय, टिश्यू भिजव, कागदावर पिळ, आणि पाण्याला जाऊ दे."

पिळला. बांध पार इरघळला. तात्या आले... आले, पर त्यास्नी कडा न्हाईत. मधी गडद, भवतीनं फिकट फिकट हुत जात्यात. चहाला बसले तर गुडघ्यापासनं भिंतीपातूर निळसर. हाक मारली की "काय रं" विहिरीवर सुरू हुतं आन "गोरक्ष" आमच्या पडवीत यून संपतं. त्यातबी आमच्याच रानाकडं जास्त पसरल्यात. आई म्हनती, "ढकल की त्यांच्या बाजूला." ढकलू कसा? हात लावला की हाताला लागत्यात.

शेवटी सरकारी मोजणी मागवली. मोजणीवाला आला, नकाशा पसरला, तात्याकडं अर्धा तास नुसता बघत बसला. मग घाम पुसून हळूच म्हनला, "बांधाचं नंतर बघू... आधी हे कुठं संपतात तिथं खुंटी ठोका."

मग काय... सकाळपासनं खुंटी घेऊन हिंडतोय.