इंग्लिशमध्ये सांग

न्हाई सर, सही मी करणार न्हाई – पेन ठिवा खिशात, उगं टोपण उघडून बसू नका, शाई वाळंल. तुम्ही संस्थेच्या कामानं लातूरहून आलात, सकाळची एसटी पकडून, उन्हात, त्याचं मला वाईट वाटतंय, खरंच. घ्या, चहा घ्या. पण तुमच्या त्या कागदावर ‘मी शिवकांता अमुक तमुक, इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द उच्चारणार नाही’ – बघा, हमीपत्र कशात टाईप केलंय? मराठीत! का? हाव, ठाऊकाय मला, अध्यक्षांना वाचता यावं म्हणून. त्यांना समजावं म्हणून मराठी चालती, अन् माझ्या पोरांना समजावं म्हणून चालत न्हाई, असं कसं उमाशंकर सर? हसू नका. मी हसून न्हाई राहिले.

क्लिप बघितली ना तुम्ही? वर्गातल्या कॅमेऱ्यातली? पालकांच्या ग्रुपवर कुणी टाकली ते मला इचारू नका, मला ठाऊकाय अन् तुम्हालाही ठाऊकाय. काय केलं मी त्यात? ‘रिलक्टंट’ शब्द आला धड्यात. आधी तुमच्या पद्धतीनंच सांगितलं – अनविलिंग. पोरांनी लिहून घेतलं. अनविलिंग म्हणजे? नॉट विलिंग. तेही लिहून घेतलं. वहीत तीन शब्द झाले अन् डोक्यात एक न्हाई, तोंडं अशी, भिंतीसारखी. मग म्हणलं, अरे, सुट्टीच्या दिवशी बाप म्हणतो चल रानात, सोयाबीन काढायला, अन् तुम्ही चप्पल शोधायलाच अर्धा तास लावता – ते! सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस पोरांनी स्वतःच्या मनानं वाक्य करून आणलं, इंग्लिशमध्ये. ते का न्हाई क्लिपमध्ये? आवाज येतो म्हणं कॅमेऱ्याला, मग तो आवाज गेला कुठं?

तुम्ही एमएड केलंय, मान्य. तुम्ही त्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं, पोराच्या कानावर नुसती इंग्लिश पडली की आपोआप येती. कुणाला येती सर? ज्याच्या घरी येती त्याला येती. इथं अहमदपूरच्या बाजारात हमालाचं पोरगं कुणाशी बोलणार इंग्लिश, पोत्याशी? आन् मला काय शिकवता, मी स्वतः ह्या शाळेत अकरा वर्षं तेच केलं की. लई कडक होते मी. विचारा कुणालाही. माझ्या तासाला जो मराठी बोलंल तो दाराबाहेर उभा – हा नियम कुणाचा? संस्थेचा न्हाई, माझा. संस्थेनं नंतर उचलला. शाबासकी दिली मला, स्नेहसंमेलनात शाल घातली.

मग बदलले का? असंच. वय झालं म्हणा. – न्हाई, तसं काही न्हाई. तुम्ही चहा घ्या ना, निवला.

तुम्ही नव्हता तवा. चार वर्षं झाली. तिसरीचा वर्ग, लुंबिनी नावाची पोरगी, पंचवीस टक्क्याच्या मोफत जागेवर आलेली, आई नीलाबाई मार्केट यार्डात धान्य पाखडायला जायची. पावसाळ्याचे दिवस, खोलीच्या मागं तणच तण. तासाच्या सुरवातीलाच पोरगी उभी राहिली. ‘मॅडम, मला –’ मी म्हणलं, नो मराठी. इंग्लिशमध्ये सांग. ‘मॅडम... आय... आय...’ हात काखेत दाबून धरलेला. मला वाटलं, स्पेलिंग पाठ न्हाईत, घरी जायचं निमित्त शोधून राहिली. म्हणलं, फुल सेंटेन्स. ती बघत राहिली माझ्याकडं. मग म्हणलं, सिट डाऊन. बसली. गपचूप बसली सर, पस्तीस मिनिटं.

दप्तरात विंचू होता. पुस्तक काढायला हात घातला अन् डसला.

शेजारच्या सृष्टीनं बघितला होता विंचू जाताना. ती पण बोलली न्हाई. का बोलंल? बोलली तर दाराबाहेर. चाळीस लेकरं, अन् माझ्या धाकानं एकाच्या तोंडून ‘विंचू’ निघाला न्हाई. घंटा झाली तवा पोरगी घामानं निथळत होती, ओकली, अन् आडवी झाली. सरकारी दवाखाना, तिथून लातूर, तीन दिवस. वाचली. हाव, वाचली, असं बघू नका. किल्लारीला आजीकडं असती आता, झेडपीच्या शाळेत. इकडं यायला तयारच झाली न्हाई.

अन् शाळेनं कागद केला – असाच, टाईप केलेला. ‘विद्यार्थिनीने शिक्षिकेस कल्पना दिली नाही.’ त्याच्यावर सही कुणाची? माझी. ... हे मी सांगणार नव्हते तुम्हाला. ऱ्हाऊ द्या, आता सांगितलं तर सांगितलं. जाऊन सांगा अध्यक्षांना, तो कागद खोटा हाय म्हणावं, ती उठली होती, सांगत होती. काढतील मला. काढा! घरी दुसरी मिळकत न्हाई, माझ्या पोरीचं, मंजुषाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय, सगळं मान्य, तरी काढा. पण जोवर ह्या वर्गात हाय तोवर माझं पोरगं ज्या भाषेत रडतं त्याच भाषेत मी त्याला इचारणार, काय झालं बाळा, आणि मग इंग्लिश शिकवणार, अन् तुमच्या त्या नुसत्या-इंग्लिशवाल्यांपेक्षा चांगली शिकवणार. कॅमेरा लावा, दोन लावा!

तुम्ही म्हणता, आईनं तक्रार केली न्हाई ना. न्हाई केली. ती चौथ्या दिवशी आली होती. ह्याच खोलीत, तुम्ही बसलात तिथं खुर्ची होती, तरी उभीच राहिली. मला वाटलं आता ही माझी गचांडी धरती, मी मनानं तयार होते. तर ती पाया पडायला वाकली, सर. म्हणली, बाई, माफ करा, माझ्या पोरीला विंग्रजी आली न्हाई म्हणून तुम्हाला तरास झाला. मी घरी करून घेते तिच्याकडून. तेवढं शाळंतून नाव काढू नका.

अन् मी काय म्हणले ठाऊकाय तिला?

‘इट्स ओके.’

उठा आता. कागद उचला. माझा तास हाय.