हेमांगी मॅडमचा हात चुकला नव्हता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय शांतारामजी म्हात्रे, व्यासपीठावर विराजमान असलेल्या रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर ज्ञानदा राऊत, सत्कारमूर्ती हेमांगी मॅडम, आणि तुळिंजपासून राजोडीपर्यंत गावोगावहून आवर्जून आलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी कौस्तुभ, संगणक विभागातला मॅडमचा सहायक. मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

मॅडमनी सव्वीस वर्षं या रुग्णालयाच्या नोंदी सांभाळल्या. आत्ता अध्यक्ष म्हणाले की, प्रकृतीच्या कारणास्तव त्या दोन वर्षं आधीच निवृत्त होताहेत. त्यांच्या अर्जात तसंच लिहिलंय. पण ते खरं आहे का?

आमचं काम काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करण्याचं. तिथे एक सोय असते. नावाची पहिली दोनचार अक्षरं लिहून टॅबची कळ दाबली की उरलेलं नाव यंत्रच भरतं. मात्र नावात मोकळी जागा आली की यंत्राला वाटतं, नाव संपलं. म्हणून त्या जागेआधी तिरपी रेघ द्यावी लागते, नाहीतर अख्खं नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागतं. आपल्याकडच्या डि'मेलो, डि'सोझा मंडळींच्या नावात तर चिन्हच असतं. तेही असंच सांभाळावं लागतं.

गेल्या वर्षी रुग्णांच्या फोल्डरांसाठी ही टॅबची सोय मी स्वतः लिहिली. मोठ्या हौसेनं मॅडमना दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "मोकळ्या जागा आणि अवतरणं सांभाळलीस ना?"

मी म्हणालो, "हो मॅडम, केलंय."

केलं नव्हतं. संध्याकाळी करू म्हटलं आणि राहिलं.

पुढे जानेवारीत दुबार फोल्डर काढून टाकायचं काम निघालं. दुपारी मॅडम जेवायला गेल्या होत्या, त्यांचा संगणक उघडा होता. 'लोपीस लिडिया ओल्ड' नावाचं एक फोल्डर पुसायचं होतं. मी पुसण्याचा हुकूम लिहून पुढे नावाची पहिली तीन अक्षरं लिहिली, टॅब दाबलं. पूर्ण नाव उमटलं, तिरपी रेघ कुठेच नव्हती. मी एंटर मारलं. यंत्रानं त्याची तीन नावं वाचली. 'लोपीस' नावाचं काही नव्हतं, 'लिडिया' नावाचंही नव्हतं. 'ओल्ड' होतं. त्यात रक्तपेढीच्या चौदा वर्षांच्या नोंदी होत्या.

पडद्यावर काहीच आलं नाही. काही विचारू नकोस, असा हुकूमच मी दिला होता. मी चहाला गेलो. त्या रात्रीची आपोआप होणारी नक्कल मूळ जसं उरलं होतं तशीच झाली, म्हणजे त्या नोंदी तिथूनही गेल्या.

तीन आठवडे कुणाला पत्ता नव्हता. रोज रुग्ण येत होते, आम्ही नाव शोधत होतो, आणि 'पूर्वीची नोंद नाही' असं लिहून देत होतो.

मग पाचूबंदरच्या जुलियानाबाई शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. नोंद नाही. तपासणीत रक्त जुळलं, पिशवी वर वॉर्डात पोहोचली. मॅडम दुसऱ्याच कामानं वॉर्डात गेल्या होत्या. सहज म्हणून त्यांनी बाईंना विचारलं, आधी कधी रक्त घेतलं होतंत का? बाई म्हणाल्या, "घेतलेलं की, हितंच. आठ दिवसांनी लघवी लाल झाली नि अंग पिवळं पडलं. कोनी सांगितलं नाय का तुम्हाला?"

मॅडमनी पिशवी थांबवली. संगणक काहीही म्हणो, बाई खोटं कशाला सांगतील, असं त्या डॉक्टर ज्ञानदांना म्हणाल्या. बारकाईनं तपासायला नमुना मुंबईला गेला. त्यांच्या रक्तात असा घटक निघाला की नेहमीच्या चाचणीला तो सापडत नाही, आणि ते रक्त चढलं असतं तर बाई कदाचित वाचल्या नसत्या. योग्य रक्त मिळायला दोन दिवस गेले. बाई आज ठणठणीत आहेत.

चौकशीत निघालं की 'ओल्ड' पुसलं गेलं ते मॅडमच्या संगणकावरून, त्यांच्याच नावानं. मी समोर बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा काढून हळूच म्हणाल्या, "वय झालं. माझाच हात चुकला असेल."

मी ते तसंच लिहू दिलं.

त्यानंतरचे चार महिने मी त्यांना पाहतोय. एक साधा हुकूम त्या तीनदा वाचायच्या, एंटरवर बोट ठेवायच्या आणि उचलायच्या. मग मला म्हणायच्या, "कौस्तुभ, तू दाब." आणि मी दाबायचो.

मॅडम, तुमचा हात चुकला नव्हता. तो माझा हात होता.

आणखी एक सांगायचं आहे. रक्तपेढीच्या जुन्या अहवालांप्रमाणे त्या नोंदींत नऊशे रुग्णांच्या नावापुढे 'रक्त देताना सांभाळा' असा इशारा होता. जुन्या कागदांवरून आम्हाला दोनशे चाळीस सापडले. बाकीचे याच वसई-विरारमध्ये आहेत, कदाचित या सभागृहातही. ते केव्हाही येतील आणि पडद्यावर 'नोंद नाही' असंच दिसेल. डॉक्टर, परिचारिका भगिनींनो, कृपा करून त्यांना तोंडी विचारा. बेशुद्ध आलेल्याला मात्र विचारताही येणार नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आयोजकांनी बोलू दिलं, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घाला. जानेवारीत जे केलं ते मात्र पोटात घालू नका. अध्यक्ष महाराज, ते आजच्या इतिवृत्तात लिहून घ्या.